तिकीट नसलेली जागा

"यॉर्कला जाताय तर जरूर जा, पण त्या डॉक्टरबाईंच्या तावडीत सापडू नका. त्या स्मशानात नेतात."

हे वाक्य मी हॅरोमधल्या एका गणपतीत, जेवणाच्या रांगेत ऐकलं. बोलणारे गृहस्थ माझ्या मागे उभे होते. त्यांना ठाऊक नव्हतं की त्याच डॉक्टरबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, मी भाड्याने राहते. मी मागे वळून काही बोलले नाही. बोलणार काय? ते म्हणत होते ते खरंच होतं.

ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसने मला सहा महिन्यांसाठी यॉर्कच्या एका क्लायंटकडे पाठवलं होतं. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. राहायला जागा बघत होते तेव्हा कुणीतरी बाईंचा नंबर दिला. फोनवर त्यांनी मला नाव, गाव, नोकरी यांपैकी काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: चालता येतं का? दारं आपटायची सवय आहे का? आणि जेवताना फोनवर बोलतेस का? मी दिलेली उत्तरं बहुधा बरोबर आली असावीत. दुसऱ्या रविवारी मी दोन बॅगा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले आणि सवयीने म्हणाले, "नमस्कार काकू."

"मी कुणाची काकू नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरही म्हणू नकोस, रिटायर झाले मी. बाई म्हण. शाळेत म्हणायचीस ना, तसं."

तेव्हापासून त्या बाईच. पाच फुटांच्या आतली मूर्ती. केस पांढरे, आणि ते स्वतःच कात्रीने कापलेले. अंगात पुरुषी कॉर्डुरॉयची पँट, पायात चामडी बूट, पाठीवर सॅक आणि सॅकला दोरीने बांधलेलं एक तिपायी कापडी स्टूल. सांगलीकडच्या, मिरजेला शिकून ऐन पंचविशीत इंग्लंडला आलेल्या. त्या काळी बाहेरून आलेल्या डॉक्टरांना इथल्या लोकांना नको असलेले विभाग मिळत. बाईंना पॅथॉलॉजी मिळालं. पुढची पस्तीस वर्षं त्यांनी सूक्ष्मदर्शकात आणि शवागारात काढली. "माझे पेशंट बोलत नसत," त्या म्हणत, "म्हणून मला ऐकायची सवय लागली."

त्यांचं इंग्रजी पक्कं यॉर्कशरचं होतं. बसच्या ड्रायव्हरला त्या बिनदिक्कत 'लव्ह' म्हणत. मराठी मात्र ज्या वर्षी विमानात बसल्या त्या वर्षीच थांबलेलं. त्यात 'मस्त' नव्हतं, 'झकास' होतं. हॉस्पिटल नव्हतं, इस्पितळ होतं. स्वयंपाकघरात बाराही महिने रुबार्बच्या आंबट देठांचं लोणचं असायचं, कारण रुबार्ब त्यांच्या परसात माजायचं आणि कैरीची आठवण, त्यांच्या म्हणण्यानुसार, तेवढ्यावर भागायची. माझी भागायची नाही, पण तसं सांगायची छाती नव्हती.

त्यांचा लौकिक झाला तो मात्र त्यांच्या पाहुणचारामुळे. इंग्लंडातलं कुठलंही मराठी कुटुंब यॉर्क बघायला आलं की बाई त्यांना उतरवून घेत आणि दोन दिवस गाव दाखवत. कुणी ओळखीचं असण्याची अट नव्हती. मराठी असलं की पुरे. मोबदला काही नाही. फक्त त्या नेतील तिथे, नेतील त्या क्रमाने जायचं.

क्रम असा की पहिल्या सकाळी मिन्स्टर नाही. इथे येणारा प्रत्येक माणूस आधी त्या प्रचंड कथीड्रलकडे धावतो. बाई त्याला आधी गावाच्या तटावर चढवत. "आधी भिंत चाला. गाव केवढं आहे ते पायांना कळू दे, मग डोळ्यांना दाखवू." तटावरून सगळं गाव फिरायला अडीच तास लागत. ज्यांचे गुडघे दुखत त्यांच्यासाठी स्टूल होतंच. बाई ते मांडत, म्हाताऱ्यांना बसवत आणि स्वतः वाऱ्यात उभ्या राहत. इथले गाईड पर्यटकांना एक ठरलेला विनोद सांगतात, की या गावात रस्त्यांना 'गेट' म्हणतात, वेशींना 'बार' म्हणतात आणि बारला 'पब'. बाईंनी तो कधी सांगितला नाही. दुसरे कुणी सांगत असले तर त्या संपेपर्यंत दुसरीकडे बघत.

शॅम्बल्स नावाची एक अरुंद गल्ली आहे. लाकडी घरं दोन्ही बाजूंनी एकमेकांवर झुकलेली. आता तिथे चॉकलेटं आणि जादूच्या छड्या विकणारी दुकानं आहेत आणि सेल्फी काढणाऱ्यांची ही गर्दी. बाई तिथे थांबत आणि खिडक्यांखालच्या रुंद फळ्यांवर तळहात ठेवत. ही गल्ली खाटकांची. या फळीवर मांस मांडायचे, वर हे आकडे, मधून हे गटार. एवढं सांगून त्या पुढे चालू लागत. दुपारच्या जेवणाला पाहुणे जरा कमी जेवत.

क्लिफर्ड्स टॉवरपाशी त्या स्वतः वर चढत नसत. हिरव्या टेकाडावरचा तो गोल बुरूज. वरून गावाचा देखावा सुंदर दिसतो म्हणून सगळे चढतात. बाई पायथ्याशी स्टूल टाकून बसत आणि आधी सांगत, की मध्ययुगात या गावातल्या ज्यू कुटुंबांनी जमावाच्या भीतीने इथे आसरा घेतला होता आणि त्यांतलं जवळजवळ कुणीही जिवंत खाली उतरलं नाही. मार्चमध्ये ते सगळं टेकाड डॅफोडिल्सनी पिवळं होतं. ती फुलं त्यांच्या आठवणीसाठीच लावलेली आहेत. "आता वर जा," बाई म्हणत. "फोटो काढा. पण हसून काढू नका."

लोकांना हे सगळं एकवेळ चालायचं. म्हातारी विक्षिप्त आहे पण माहिती दांडगी, असं म्हणून पुढे जायचे. मिन्स्टरमध्ये तर बाई खऱ्या खुलत. 'फाइव्ह सिस्टर्स' नावाची पाच उंच खिडक्यांची रांग तिथे आहे. रंगीत देवदूत वगैरे नाहीत, नुसती करड्या-हिरव्या काचांची बारीक नक्षी. पहिल्या महायुद्धात गेलेल्या बायकांच्या स्मरणार्थ ती खिडकी आहे आणि जवळच लाकडी फळ्यांवर त्यांची नावं लिहिलेली आहेत. परिचारिका, दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या मुली. बाई प्रत्येक पाहुण्याला तिथलं एक नाव मोठ्याने वाचायला लावत. कोणतंही एक. आमच्या लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं, पण वाचायचे.

भांडण व्हायचं ते दुसऱ्या दिवसावरून. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या जुन्या गाडीत घालून पाहुण्यांना गावाबाहेर, फाउंटन्स ॲबीला नेत. छप्पर उडालेला, नदीकाठच्या कुरणात उभा असलेला अवाढव्य मठ. बाईंना त्यातला आजारी साधूंचा दवाखाना आवडे. तो नदीवरच बांधलेला होता. आता कमानींचे थोडे अवशेष आहेत आणि खालून अजून पाणी वाहतं. सगळे खूश व्हायचे. आणि मग परतीच्या वाटेवर बाई एक भलतंच वळण घेत, एका लहानशा गावात शिरत आणि कौन्सिलच्या दफनभूमीपाशी गाडी थांबवत. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बघण्यासारखं तिथे काहीच नाही. पाहुणे पुस्तिका उघडून शोधत. मुलं विचारत, टॉयलेट आहे का?

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही काही कळलं नव्हतं. फाटकातून आत गेल्यावर दोन्हीकडे नेहमीची थडगी, फुलं, बाकं. बाई ती ओलांडून थेट शेवटाला, हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणापाशी गेल्या. तिथे गवताचा एक लांबट पट्टा होता. एकही दगड नाही. जमिनीत रुतलेल्या क्रमांकाच्या काही लोखंडी पट्ट्या, त्याही अर्ध्या गंजून गेलेल्या.

"इथे बाळं आहेत," बाई म्हणाल्या. "मेलेली जन्मलेली. पूर्वी आईला दाखवत नसत. बघितलं की जास्त त्रास होतो, घरी जा, दुसरं होईल, असं सांगत. बाळ इस्पितळच पुरून टाकायचं, एका खड्ड्यात सातआठ. कुठे पुरलं ते विचारायचं असतं हेही पुष्कळांना माहीत नव्हतं. सगळीकडे असंच होतं, या एका गावात नव्हे."

एवढं सांगून त्या पाच मिनिटं गप्प उभ्या राहत आणि मग परत फिरत. बस्स. हेच ते 'स्मशान'. याच्यावरच हॅरो-वॉटफर्डपर्यंत बोभाटा.

निवृत्त झाल्यावर बाईंनी कौन्सिलच्या कचेरीत जाऊन तिथली जुनी पुरण्याची रजिस्टरं महिनोन् महिने वाचली होती. त्यात बाळांना नाव नसतं. अमक्या आडनावाचं मूल, एवढीच नोंद आणि एक आकडा. कुठला आकडा गवतात कुठे येतो हे कुंपणापासून पावलं मोजून त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. हळूहळू त्या गावच्या म्हाताऱ्या इंग्रज बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या. मी राहत होते त्या काळात पाचसहा तरी आल्या असतील. बाई त्यांना गाडीत घालून नेत, जागा दाखवत आणि लांब जाऊन उभ्या राहत.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, तुमचं कुणी आहे का तिथे?"

"नाही. मला मूल नाही. लग्नच केलं नाही." मग हातातली पातेली विसळून झाल्यावर म्हणाल्या, "माझ्या हाताखालून गेलीत, एवढंच. चिरून, वजन करून, लिहून खाली सही करणारी मी होते."

मी म्हटलं, मग आपल्या लोकांना कशाला नेता? ते सुट्टीला आलेले असतात. लोक नावं ठेवतात. हॅरोमधलं ते वाक्यही मी त्यांना सांगून टाकलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "वॉटफर्डपर्यंत गेलंय का ते? लेस्टरला? जाऊ दे. जितकं लांब जाईल तितकं बरं." मला वाटलं, म्हातारपणचा हट्टीपणा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी घरातला फोन वाजला. बाई परसात होत्या, मी उचलला. वॉटफर्डहून कुणीतरी बोलत होत्या. आवाज वयस्कर, शुद्ध पुणेरी. त्यांनी यॉर्क दाखवता का, पायऱ्या किती आहेत, मार्चमध्ये थंडी कितपत असते असं बरंच विचारलं. मी सांगत गेले. फोन ठेवायची वेळ आली तरी त्या ठेवेनात.

"आणि ते दुसरं ठिकाण असतं म्हणे," त्या म्हणाल्या. "परत येताना."

मी घाईघाईने म्हटलं की नको असेल तर मी बाईंना सांगून ठेवेन.

"नको असं नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मार्चअखेरीला त्या आल्या. सत्तरीच्या आसपास, नीटनेटक्या, पांढरा अंबाडा, कोटाखाली साडी. सोबत त्यांची मुलगी, चाळिशीतली, वॉटफर्डलाच शाळेत शिकवणारी. मुलगी इथेच जन्मलेली. मराठी बोलायची हौस होती, पण कुठल्या शब्दाला 'तो' आणि कुठल्याला 'ती' यात गडबड व्हायची. मी आईला मावशी म्हणू लागले. त्यांचे यजमान जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते, दोन वर्षांपूर्वी गेले. आईला एकाएकी यॉर्क बघायची इच्छा कशी झाली याचं मुलीला नवल वाटत होतं. "ममी कधी कुठे जात नाही," ती मला म्हणाली. "मला वाटला, आता जरा बाहेर पडते आहे, चांगला आहे."

पहिला दिवस नेहमीसारखा गेला. तट, गल्ली, डॅफोडिल्स. मिन्स्टरमध्ये मावशींनी एक नाव वाचलं, अगदी हळू, आणि लगेच चष्मा पुसायला काढला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर फाउंटन्स ॲबीला गेले. कुरणात नुकतीच जन्मलेली कोकरं होती. मुलगी त्यांचे फोटो काढत होती. मावशी एकीकडे होत असलेल्या कौतुकाला हसून मान डोलावत होत्या आणि पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होत्या.

गाडी त्या लहान गावात शिरली तेव्हा मावशी खिडकीला चेहरा लावून बसल्या. एका कोपऱ्यावर नव्या फ्लॅट्सची इमारत आली. तिथे बाई म्हणाल्या, "इथे पूर्वी इस्पितळ होतं. पाडलं."

"हो," मावशी म्हणाल्या. "समोर फळवाल्याचं दुकान होतं."

आरशात मला बाईंचे डोळे दिसत होते. ते रस्त्यावरून हलले नाहीत, पण गाडी एकदम इतकी हळू झाली की मागच्याने हॉर्न वाजवला.

दफनभूमीत बाईंनी रोजचंच सांगितलं. इथे बाळं आहेत, पूर्वी आईला दाखवत नसत. त्यांचा आवाज मात्र रोजचा नव्हता. सांगून झाल्यावर मावशींनी विचारलं, नोंद असते का? बाई म्हणाल्या, आडनावाने असते. मावशींनी आपलं आडनाव सांगितलं.

बाईंनी ते पुन्हा विचारलं नाही. काही कागदही बघितला नाही. त्या कुंपणाच्या कडेने चालत गेल्या, पावलं न मोजता, आणि एका जागी थांबल्या.

"इथे," त्या म्हणाल्या.

मावशी तिथवर गेल्या. गवताकडे बघत राहिल्या. मुलगी माझ्याकडे, मग आईकडे बघू लागली. मावशींनी तिच्याकडे न बघताच सांगितलं. तिच्या जन्माच्या तीन वर्षं आधी ते या गावात होते. तिच्या बाबांची सहा महिन्यांची नोकरी होती या इस्पितळात. पहिलं बाळंतपण. दिवस पूर्ण भरलेले. एक दिवस बाळ हलायचं थांबलं. जन्मल्यावर नर्सने हिरव्या कापडात गुंडाळून दाराबाहेर नेलं, ते शेवटचं. बाबांनी कागदांवर सह्या केल्या आणि म्हणाले, हॉस्पिटल सगळं बघेल, आता हा विषय काढायचा नाही. मग दोघांनीही तो कधी काढला नाही. त्यांच्यानंतर काढायचा तर कुणाजवळ, हे मावशींना कळत नव्हतं. मग एका हळदीकुंकवाला कुणीतरी थट्टेने सांगितलं की यॉर्कला एक डॉक्टरीण आहे, ती आपल्या लोकांना बाळांच्या स्मशानात नेते.

"मला बहीण होता?" मुलगी म्हणाली.

"मुलगी होती, एवढंच नर्स बोलली," मावशी म्हणाल्या.

मुलीने आईचा हात धरला. अशा वेळी बाई नेहमी लांब जाऊन उभ्या राहत. त्या दिवशी गेल्या नाहीत. त्यांनी सॅकचं स्टूल सोडून मावशींसाठी मांडलं आणि मावशी बसल्यावर त्यांच्यासमोर ओल्या गवतावर गुडघे टेकले.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या. "ऐकून तुम्ही मला काहीही बोललात तरी चालेल. त्या दिवशी खाली मी होते."

मावशींना कळलं नाही.

"तळघरात. पॅथॉलॉजीत. मला नोकरीला लागून चार महिने झाले होते. बाळ आलं, त्याच्याबरोबर फॉर्म आला. फॉर्मवर आडनाव मराठी. मला कळलं, वर वॉर्डात आपली एक मुलगी पडलेली आहे. माझ्याच वयाची असणार. दोन मजले वर. सगळी दुपार मला ते माहीत होतं. मी माझं काम केलं, रिपोर्ट लिहिला, सही केली आणि बसने घरी गेले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर तुम्हाला घरी सोडलं होतं."

"तुम्हाला येऊ दिलं नसतं," मावशी म्हणाल्या.

"साहेबांनी सांगितलं होतं, आपण वॉर्डात जायचं नसतं. पण मी थांबले ते त्यामुळे नाही. मला भीती वाटली. तुम्ही मला विचाराल, कशी होती, आणि मला सांगावं लागेल. म्हणून आले नाही."

लांब रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या उठतील. मला वाटलं, हात उगारतील. तसं काही झालं असतं तर बाईंनी मान खाली घालून ते घेतलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

"मग आता विचारते," मावशी म्हणाल्या. "कशी होती?"

बाईंनी सांगितलं. सहा पौंड दोन औंस. केस भरपूर, काळेभोर, मानेवर आलेले. नखं वाढलेली. डावा कान वरून जरा दुमडलेला. "दुमडलेला?" मावशींनी विचारलं आणि नकळत मुलीच्या कानाकडे हात नेला. हनुवटी लहान. चेहरा शांत होता, हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, बाई म्हणाल्या, तसा तो होताच. काम संपल्यावर त्यांनी स्वतः तिला धुतलं होतं, टाके बारीक घातले होते आणि कापसात गुंडाळून दिलं होतं. तसं करायची तिथे पद्धत नव्हती. आडनाव बघून केलं, त्या म्हणाल्या. बाकीच्यांसाठी नाही केलं, तेही तुम्हाला सांगायला हवं.

"आणि मी बादली उचलली होती," मावशी एकाएकी म्हणाल्या. "कोळशाची. ते नको म्हणाले होते. आदल्या दिवशी थंडी फार होती, मी उचलली. त्याने झालं ना?"

"नाही."

"मला खरं सांगा. इतकी वर्षं झाली."

"नाळेला गाठ बसली होती," बाई म्हणाल्या. "खरी गाठ, घट्ट. बाळ पोटात फिरतं तेव्हा पडते कधीकधी. तुम्ही बादली उचलली काय, पलंगावर झोपून राहिलात काय, ती बसायचीच होती. बाळात दोष नव्हता, तुमच्यात नव्हता. मी रिपोर्टात लिहिलं होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मावशींनी मान हलवली. कुणीही सांगितलं नव्हतं. आणि मग इतका वेळ ताठ बसलेल्या मावशी स्टुलावरून पुढे झुकल्या आणि बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागल्या. बाईंनी हात वर उचलले, पण ते कुठे ठेवायचे हे त्यांना समजत नव्हतं. माणसांना जवळ घ्यायची त्यांना सवयच नव्हती. शेवटी त्यांनी ते मावशींच्या पाठीवर ठेवले. बराच वेळ त्या दोघी तशाच होत्या. मुलीने आपला कोट काढून गवतावर, बाईंच्या गुडघ्यांशी सरकवला, पण बाईंचं लक्ष नव्हतं.

परतताना गाडी मुलीने चालवली.

त्यानंतर बाईंनी पाहुण्यांना तिथे न्यायचं बंद केलं असेल असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पुढच्याच महिन्यात ब्रॅकनेलहून माझ्या ऑफिसातलं एक कुटुंब आलं आणि परतीच्या वाटेवर बाईंनी तेच वळण घेतलं. घरी आल्यावर मी विचारलं, आता कशाला?

"ज्यांची वाट बघत होते त्या भेटल्या," त्या म्हणाल्या. "पण म्हणून बाकीची तिथून उठून गेली का?"

मी यॉर्क सोडलं त्याच्या तिसऱ्या वर्षी बाईंना कॅन्सर निघाला. स्वतःच्या तपासणीची काचपट्टी त्यांनी म्हणे मागवून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि डॉक्टरला सांगितलं, फार खटाटोप करू नका. मी सुट्टी काढून गेले तेव्हा त्या शेवटच्या दिवसांसाठीच्या एका वॉर्डात होत्या. जाग कमी असायची. पलंगाशेजारी मावशी बसल्या होत्या. मला कुणी सांगितलं नव्हतं की त्या तीन आठवड्यांपासून तिथे आहेत, बाईंच्या घरी राहून, दुखऱ्या गुडघ्यांनी रोज दोन बस बदलून येतात आणि बाईंना मऊभात भरवतात. मुलगी शनिवार-रविवार येऊन जात होती.

त्या दुपारी ड्यूटीवर एक नवी नर्स होती. तरुण, चांगली मुलगी. भेटीची वेळ संपली होती. तिने नम्रपणे सांगितलं की यापुढे फक्त घरच्यांना थांबता येईल, आणि मावशींना विचारलं, आपण यांच्या कोण?

मला वाटलं, मावशी मैत्रीण म्हणतील, किंवा बहीण म्हणून वेळ मारून नेतील. मीही तेच केलं असतं. मावशींनी हातातला चमचा वाटीत ठेवला.

"मला दोन मुली," त्या इंग्रजीत, सावकाश म्हणाल्या. "थोरलीला पाहिलेलं माणूस या जगात हे एवढंच आहे."

नर्सने पलीकडच्या रिकाम्या पलंगापाशी जाऊन दुसरी खुर्ची आणली आणि माझ्यासाठीही ठेवली.